शेवटचं मोहरं

हमीद सरांना राग आला की ते फार अदबीनं बोलायला लागत. एरवी "अबे टोणग्या, इकडं ये" म्हणणारा माणूस एकदम "आप जरा बाहेर तशरीफ न्या" वर यायचा, आणि पोरगं समजून जायचं की आता आपली धडगत नाही. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचे. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळं सरांचं 'आप' ऐकू आलं की माझाही वर्ग गप्प व्हायचा. मी त्यांना कितीदा म्हटलं, "सर, तुमच्या शिव्या परवडल्या, पण ही अदब नको." ते म्हणायचे, "मॅडम, शिवी आपल्या माणसाला देतात. राग आला की माणूस आपला राहतो का?"

आमची शाळा औरंगपुऱ्यात, खाली दुकानं आणि वर वर्ग. हमीद सर हिंदीचे, तासिका तत्त्वावरचे. म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. दर जूनला संस्थेनं बोलावलं तर तुम्ही शिक्षक, नाही बोलावलं तर तुम्ही कुणी नाही. सरांना असं वर्षानुवर्षं बोलावत होते आणि दर मे महिन्यात सर काळजीनं वाळत होते. या बोलावण्यात हिंदीचा वाटा कमी आणि बुद्धिबळाचा जास्त. शाळा सुटल्यावर तिसऱ्या मजल्यावर, मोडक्या बाकांच्या खोलीत, सर पोरांना बुद्धिबळ शिकवायचे. संस्थेच्या माहितीपत्रकात त्या वर्गाचा फोटो असायचा. सर त्या खोलीसाठीच जगत होते असं मी म्हटलं तर भाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाईट वाटेल. पण त्याच मला एकदा म्हणाल्या होत्या, "मॅडम, तुमच्या शाळेतला माणूस लई गोड आहे म्हणतात. आमच्या घरी येतो तो दुसराच हाय का मग?"

त्या खोलीचे कायदे होते. पट मांडायच्या आधी प्रत्येकानं तो आपल्या रुमालानं पुसायचा. 'मारलं' म्हणायचं नाही, 'उचललं' म्हणायचं. शह दिला की सांगायचा, पण हळू, कारण "समोर राजा आहे, बहिरा नाय." हरलं की राजा स्वतःच्या हातानं आडवा करायचा आणि समोरच्याला पाणी विचारायचं. एका पोरानं हरल्यावर पट उधळला, तेव्हा सर त्याला काही बोलले नाहीत. खाली वाकून सगळी मोहरी स्वतः गोळा केली, पुसली, डब्यात ठेवली आणि म्हणाले, "आपण उद्यापासून कॅरम खेळावं." ते पोरगं कितीतरी दिवस माझ्याकडं वशिला लावत फिरत होतं. शेवटी मीच सरांना म्हटलं की आता पुरे, लेकरू आहे ते.

आणि त्यांची ती डावाची सुरुवात. मला बुद्धिबळातलं ढिम्म कळत नव्हतं, सरांनी डबा खाता खाता शिकवलं तेवढंच. पण एवढं मलाही दिसायचं, की सगळं जग जिथं पहिल्याच चालीला राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं ढकलतं, तिथं सर एकच घर सरकवतात. मग शेजारचं एक घर. मग कडेचं एक घर. अशी लहान लहान पावलं टाकत प्यादी एका ओळीत येऊन उभी राहायची, मागं घोडे, उंट, हत्ती आपापल्या जागी, आणि समोरचा तोपर्यंत अर्धा पट बळकावून बसलेला. "आधी घर बांधायचं, मग भांडायचं," सर म्हणायचे. "ज्याला घरच नाय तो भांडून जाणार कुठं?" पोरं मोबाइलवर तपासून यायची आणि सांगायची, "सर, कम्प्युटर म्हणतो ही सुरुवात वाईट आहे." सर भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवत म्हणायचे, "त्याला म्हणावं, तुला बापानं शिकवलं नाय. मला शिकवलंय."

बाप म्हणजे सिल्लोडचे उस्मानचाचा. कापसाच्या जिनिंगवर तोलाईला होते, आणि हंगाम संपला की एका अडत दुकानाच्या ओट्यावर बुद्धिबळ. ते जुनं, आपल्याकडचं देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. सरांच्या सुरुवातीचं मूळ ते. शहरात आले, नवे नियम शिकले, पोरांना नव्या नियमानंच शिकवलं, पण स्वतःचं प्यादं काही सिल्लोड सोडायला तयार नव्हतं.

त्या जुन्या खेळात आणखी एक नियम होता. तो मला कळला तो दिवस चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी इतकी वाईट हरत होते की डबा बंद करून उठायच्या बेतात होते. माझा राजा आणि एक केविलवाणं प्यादं, एवढंच उरलेलं. प्यादं सरांच्या हत्तीच्या तोंडात. सर त्याला हातच लावेनात.

"उचला की," मी म्हटलं. "कशाला थट्टा करता गरिबाची?"

"शेवटचं मोहरं उचलत नसतेत, मॅडम. उचललं की बुर्जी. म्हणजे डाव बरोबरीत गेला, आपली सगळी मेहनत पाण्यात. अब्बा म्हणायचे, एकट्या राजाला काय घेरायचं, त्यात कसली मर्दुमकी? समोरच्याकडं एक तरी माणूस राहू दे, आणि मग त्याच्यादेखत मात कर."

"आणि त्या एका माणसानंच घात केला तर?"

"तर आपल्याला खेळता येत नाय म्हणायचं," सर म्हणाले आणि त्यांनी मला मात केली, तीसुद्धा प्याद्यानं. मग चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, की लहानपणी त्यांनी एकदा समोरच्याचं शेवटचं मोहरं उचललं होतं. जिंकायची घाई झाली होती. अब्बांनी भर ओट्यावर, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, कानाखाली ठेवून दिली. "तेव्हापासून हातच जात नाय बघा," सर हसत म्हणाले. मीही हसले. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

मग शाळेचे दिवस पालटले. संस्थेचं नाव इंग्रजीत झालं, पोरांच्या गळ्यात टाय आले, प्रत्येक गोष्टीला 'ॲक्टिव्हिटी' म्हणायला लागले. एक पालक तक्रार घेऊन आले, की आमच्या मुलाला एक एक घर चालायला शिकवतात, त्यामुळं तो स्पर्धेत मागं पडतो. खरं तर सर पोरांना तसं शिकवत नव्हते. पोरंच लाडानं त्यांची नक्कल करायची. पण संस्थेच्या सचिव साहेबांना निमित्तच हवं होतं. त्यांनी सरांना बोलावलं, मी माझ्या रजेच्या अर्जासाठी तिथंच उभी होते.

"सर, आता सगळीकडं रेटिंगवाले कोच असतात," सचिव म्हणाले. "पालक ॲडमिशनच्या वेळी विचारतात. तुमचं रेटिंग काय सांगू मी?"

रेटिंग म्हणजे मोठ्या अधिकृत स्पर्धांत, ज्यांच्याकडं ते आधीच आहे अशांशी खेळून मिळवायचा आकडा. सर कधी अशा स्पर्धेत उतरलेच नव्हते. शिकवायचं सोडून जाणार कधी?

"जूनच्या आत रेटिंग आणा. वर्ग तुमचाच. नाहीतर माझा नाइलाज आहे."

"हौ," सर म्हणाले. एवढंच.

बाहेर आल्यावर माझ्या अंगाची आग झाली होती. मी म्हटलं, "एवढी वर्षं घासली त्याचं काही नाही? पन्नाशी उलटल्यावर परीक्षा द्यायची?" सर म्हणाले, "मॅडम, मागणी वाजवी आहे. पोहायला शिकवणाऱ्याला पोहता यायला नको?" आणि जिना चढून वर्गावर गेले. त्यांना खरंच वाजवी वाटत होतं, याचाच मला जास्त राग आला.

स्पर्धा गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयात भरली. जिथं एरवी पंगती बसतात तिथं टेबलांच्या रांगा, आणि टेबलांमागं बहुतेक सगळी लेकरं, काहींचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यांच्यात सर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पाठ ताठ करून बसलेले. घड्याळाची त्यांना सवय नव्हती. चाल केली की शेजारचं बटण दाबायचं, नाहीतर आपलाच वेळ जात राहतो. सर चाल करून हात मांडीवर ठेवून बसायचे. समोरचं पोरगं चांगल्या घरचं होतं, तेच म्हणालं, "अंकल, घड्याळ दाबा ना." सर "शुक्रिया बेटा" म्हणाले, दाबलं, पुढच्या चालीला पुन्हा विसरले. तो डाव त्यांनी वेळ संपल्यामुळं घालवला. पण मग सावरले. जिंकले, बरोबरी केली, पुन्हा जिंकले. त्या एक घर चालीला पोरं फसत होती. पुस्तकात नसलेलं समोर आलं की गोंधळायची. रविवारी शेवटचा डाव उरला, तेव्हा तिथल्या पंचानं हिशोब करून सरांना सांगितलं, की जिंकलात तर रेटिंग मिळेल, बरोबरीत सुटला तर थोडक्यात हुकेल.

मी तिथंच होते. भाभींना यायचं होतं, पण सरांनी नको म्हटलं होतं. त्यांच्याऐवजी मी, म्हणून भाभींनी सरांचा डबा माझ्या हाती दिला होता. तो तसाच माझ्या मांडीवर होता.

समोर जळगावचा एक तरुण, बँकेत नोकरीला असलेला, बोलायला सभ्य. सरांनी पहिलं प्यादं एक घर सरकवलं, मग दुसरं एक घर, आणि तो गालात हसला. मग तो जो सुटला. प्यादी, घोडे, वजीर, सगळं घेऊन सरांच्या अंगावर आला. सर जागचे हलले नाहीत. घर बांधून बसले. तो आपटत राहिला आणि दर आपटण्याला त्याचं काहीतरी सांडत राहिलं. मला चाली कळत नव्हत्या, पण त्याचा चेहरा कळत होता. पहिल्यांदा हसू गेलं, मग रंग गेला. एकामागून एक मोहरी पटावरून उतरली. बाकीची टेबलं रिकामी झाली, लोक दोरीपाशी येऊन उभे राहिले. माझ्या शेजारचे एक गृहस्थ कुजबुजले, "म्हातारा जिंकतोय."

शेवटी सरांकडं राजा, एक उंट आणि एक प्यादं. त्या प्याद्याला वजीर व्हायला थोडीच घरं उरली होती. त्या पोराकडं राजा आणि एक घोडा. दोघांच्या घड्याळात थोडाच वेळ. आणि त्या पोरानं घाईत घोडा नेमका उंटाच्या वाटेत आणून ठेवला. ठेवल्याबरोबर त्याला कळलं, कारण त्यानं डोळे मिटले. मलासुद्धा दिसलं, आता सांगा. उंटानं घोडा उचलायचा, मग त्या प्याद्याला अडवणारं पटावर कुणी नाही. वजीर होणार, मात होणार, रेटिंग येणार, जूनला बोलावणं येणार.

सरांचा हात उंटाकडं गेला. तसाच वर थांबला. मग बाजूला झाला आणि त्यानं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

घोड्यानं ते प्यादं उचललं. सरांच्या राजानं घोडा उचलला, आता दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. सरांकडं राजा आणि उंट, समोर एकटा राजा. एकट्या उंटानं मात होत नाही. पंचानं दोघांकडं पाहून मान हलवली. डाव बरोबरीत.

"ड्रॉ, अंकल," तो तरुण हात पुढं करत म्हणाला. त्याचा स्वतःच्याच नशिबावर विश्वास बसत नव्हता. मग त्याला राहवलं नाही. "अंकल, घोडा का नाही घेतलात? फुकट होता."

"आखरी मोहरा था," सर म्हणाले.

त्याला काहीच कळलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, जणू मी समजावून सांगेन. मी काय सांगणार कपाळ? इतकी वर्षं नवा खेळ शिकवलेला माणूस, पोरांना 'तुमच्या खेळात उचलायचं असतं, उचला' म्हणणारा माणूस, आणि नेमका त्या घटकेला हात सिल्लोडच्या ओट्यावर गेला. डोक्यानं खेळला असता तर जिंकला असता. पण वेळ कमी होता आणि हात आधी पोचला.

परतताना सर रिक्षात माझ्या शेजारी बसले. क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाले, "आपण एवढी तकलीफ घेऊन आलात. आपला मी फार आभारी आहे." मला इतक्या वर्षांत त्यांनी कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. माझ्यावर रागावले नव्हते ते, एवढं मला कळत होतं. डबा मी त्यांच्या हाती दिला, न उघडलेला.

दुसऱ्या दिवशी मी सचिव साहेबांकडं गेले. भांडले म्हणा ना. ते म्हणाले, "मॅडम, थोडक्यात हुकलं हे मलाही वाईट वाटतंय. पण शाळेच्या बोर्डवर थोडक्यात असं लिहिता येतं का?" माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट. जूनला सरांना बोलावणं आलं नाही. हिंदीचे तास दुसऱ्या कुणाला दिले. वरच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही लागला आणि पुण्याचा कुणीतरी रेटिंगवाला त्यातून शिकवायला लागला. तिथं पट पुसायची गरजच नव्हती.

सरांनी घरी वर्ग काढून पाहिला. दोन-तीन पोरं आली, पालकांनी रेटिंग विचारलं, पोरं थांबली. मग भाच्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागले, शाळेच्याच पुढच्या गल्लीत. मी जाता-येता थांबायचे. पहिले काही महिने ते मला तोच डाव सांगायचे. पिनांचा डबा म्हणजे उंट, खोडरबर म्हणजे घोडा, स्टेपलर म्हणजे राजा. "इथं घोडा, इथं माझा उंट. उचलायचा होता मॅडम. दिसत होता. हात गेला नाय." मी म्हणायचे, सोडा आता. पुढच्या वर्षी पुन्हा खेळा. ते मान हलवायचे आणि खोडरबर पुन्हा जागेवर ठेवायचे. गिऱ्हाईक ओरडलं तरी लक्ष नसायचं. मला तर खोटं कशाला बोलू, वीट आला होता.

एकदा भाभी दुकानात भेटल्या. बाजूला घेऊन म्हणाल्या, "रात्री झोपेत हात हलवतेत. मी म्हणते, अब्बा जाऊन किती वर्षं झाली, त्यांची एक चापट अजून संपंना का?"

मग हळूहळू सर त्या डावाचं बोलायचे थांबले. मी आपणहून काढलं तर म्हणायचे, "झालं ते." पिनांचा डबा पिनांचाच झाला. आधी मला बरं वाटलं, सुटले म्हणून. नंतर लक्षात आलं की ते पोरांना शिव्याही देईनासे झालेत. झेरॉक्सला येणाऱ्या कॉलेजच्या टारगट पोरांनाही "आप", पेपरवाल्यालाही "आप", भाच्यालाही "आप". दिवसभर अदबीनं बोलायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, काय सभ्य माणूस आहे.

पुढं रस्तारुंदीत ते दुकान गेलं आणि सर भाभींना घेऊन सिल्लोडला परतले. फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, दुकानातच. माझ्या पेन्शनचे कागद होते. माझ्या पुढं एक बाई आणि तिची मुलगी. मुलीचं कसलंतरी प्रमाणपत्र, रंगीत झेरॉक्स काढायची होती.

"दादा, नीट काढा हं, फ्रेम करायचंय," बाई म्हणाली. "बुद्धिबळात नंबर आलाय हिचा. घरात कुणाला येत नाही, ही आपली मोबाइलवर बघून बघून शिकलीय."

सरांनी प्रमाणपत्र काचेवर ठेवलं. बोटानं कोपरे सरळ केले. मुलीकडं एकदा पाहिलं.

"आम्ही इथं जवळच नवीन राहायला आलोय," बाईचं चालूच होतं. "हिला नीट बसवून शिकवणारं माणूस पाहिजे. ते टीव्हीवरचं हिला कळत नाही. तुमच्या माहितीत आहे का कुणी इथं, बुद्धिबळ शिकवणारं?"

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडं वळून पाहिलं आणि फार अदबीनं म्हणाले, "आपण जरा बसावं, मॅडम." मग बाईकडं वळले.

"नाय ताई," ते म्हणाले. "या भागात कुणी नाय."

मुलगी कागद सांभाळत आईमागं निघून गेली. मी म्हटलं, "सर, का असं केलंत? चालून आलं होतं दारात."

"खोटं कुठं बोललो, मॅडम?" सर म्हणाले, आणि माझे कागद घ्यायला त्यांनी हात पुढं केला.